लाल फळामागचे सहा महिने

महाबळेश्वर-पाचगणीचे नाव निघाले की आपल्या बहुतेक कुटुंबांच्या मनात नाताळच्या सुट्टीतील थंडी आणि रस्त्याच्या कडेला मांडलेली लालभडक स्ट्रॉबेरीची खोकी उभी राहतात. हे चित्र खरे आहे. परंतु ते वहीच्या केवळ जमेच्या बाजूसारखे आहे. नावेची बाजू ज्याला पाहावयाची असेल त्याने या डोंगरावर भाद्रपद-आश्विनात जावे. त्या दिवसांत तेथे एकही लाल फळ दृष्टीस पडत नाही. तांबडी माती, चिखलाने भरलेले पाय, आकाशाकडे लागलेले डोळे आणि बांधावर रचलेल्या रोपांच्या चळती एवढेच दिसते. येणारा हंगाम लाभाचा की तोट्याचा, याचा निम्मा निर्णय मात्र त्याच दिवसांत होऊन जातो.

तीन पायऱ्यांचा प्रदेश

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूर फाट्यावर उजवीकडे वळले की वाई लागते. कृष्णेच्या घाटांचे हे जुने गाव मागे टाकून पसरणी घाट चढू लागले की खाली धोम धरणाचा जलाशय उलगडत जातो आणि दहा-बारा किलोमीटरच्या चढणीत हवा पालटते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तेथून १९ किलोमीटरवरील महाबळेश्वर त्याहून थोडे उंच. अंतर एवढे थोडे असले तरी पावसाच्या दृष्टीने ही दोन गावे दोन निराळ्या जगांत असावीत असे वाटते. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि घाटाखाली वाईस पाचगणीपेक्षाही कमी. प्रवाशाला हा निसर्गाचा चमत्कार वाटतो. येथील बागायतदाराने मात्र या तीन पायऱ्यांचा व्यवहारात उपयोग करून घेतला आहे. तो कसा, हे पुढे येईल.

१८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे थंड हवेचे ठाणे वसविले. पुढे येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी इंग्रजी भाज्या आणि बटाटे पिकविले. युरोपीय फळे-भाज्या या मातीत रुजल्या त्या याच काळात, आणि स्ट्रॉबेरीही इंग्रजी अमदानीतच येथे आली. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात उत्तर व दक्षिण अमेरिकेतील दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात निपजलेली. असे तीन खंडांचे पाणी प्यालेले हे फळ साताऱ्याच्या डोंगरात इतके रमले, की २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाणारे भिलार हे मुळात स्ट्रॉबेरीचे गाव. कासवंड, भोसे, गुरेघर, मेटगुताड अशा गावांतही डोंगर उतारावरील लहान-लहान टप्प्यांत याच पिकाची लागवड दिसते.

घाटाखालचे माहेर

बी पेरले आणि उगवले, असे या पिकाचे नाही. स्ट्रॉबेरीचे बी पेरून आईसारखे झाड मिळत नाही; म्हणून रोपापासूनच रोप घ्यावे लागते. उन्हाळा-पावसाळ्यात दिवस मोठे व उबदार असतात तेव्हा हे झाड जमिनीलगत दोरीसारख्या लांब फांद्या सोडते. बागायतदार त्यांना ‘रनर’ म्हणतात. रनरच्या पेऱ्यावर मुळे फुटून नवे रोप तयार होते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठल्या की तेच झाड रनर सोडण्याचे थांबवून फुलकळ्या धरू लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पावसाळ्यात हे झाड शाखा वाढविते आणि हिवाळ्यात नफा देते. बागायतदाराचे सारे वेळापत्रक या एका स्वभावावर बेतलेले असते.

परंतु घरच्याच रोपांपासून वर्षानुवर्षे रोपे घेत राहिले तर विषाणुजन्य रोग साचत जातात, फळ लहान होते आणि उतारा घटतो. म्हणून मोठे बागायतदार रोगमुक्त मातृरोपे परदेशांतून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून आणि काही प्रमाणात युरोपातून मागवितात. ‘स्वीट चार्ली’ आणि ‘विंटर डॉन’ या फ्लोरिडा विद्यापीठाने, तर ‘कॅमरोझा’ कॅलिफोर्निया विद्यापीठाने विकसित केलेल्या जाती. स्वीट चार्ली लवकर येते व गोड असते. कॅमरोझाचे फळ घट्ट, प्रवासाला टिकाऊ. ‘नाभिला’सारख्या जातीही आता सर्वत्र दिसतात. कोणती जात किती लावायची, हा प्रश्न केवळ चवीचा नसतो. लवकर येणारे फळ चढ्या भावात विकले जाते, टिकाऊ फळ लांबच्या बाजारात पोचते आणि उशिरापर्यंत चालणारे झाड प्रक्रियेच्या कारखान्याला माल पुरविते. म्हणून जाणता बागायतदार सारे भांडवल एका जातीत गुंतवीत नाही.

मातृरोपांची मागणी आगाऊ पैसे भरून नोंदवावी लागते. ती विमानाने, थंडाव्यात, उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी येऊन पोचतात. आता अडचण अशी, की रोपे वाढवायची तर पावसाळ्यात, आणि डोंगरावर तर पाऊस उसंत घेत नाही. कोवळ्या रोपांची मुळे कुजावयास तो पुरेसा असतो. येथे ती तिसरी पायरी कामी येते. अनेक बागायतदार घाटाखाली वाईच्या बाजूस जमीन खंडाने घेऊन रोपवाटिका करतात. कोणी डोंगरावरच प्लॅस्टिकच्या छपराखाली करतात. मातृरोपाच्या भोवती मातीच्या किंवा नारळाच्या भुशाच्या लहान पिशव्या मांडतात, रनरचे पेरे त्यात रुजवितात आणि मुळे धरली की आईपासून तोडतात. जून ते ऑगस्ट हे तीन महिने घरातील एक तरी माणूस घाटाखाली मुक्कामाला असतो. एका मातृरोपापासून वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक रोपे मिळतात. मात्र त्यांतील रोगट, बारीक व उशिरा रुजलेली निवडून बाजूला काढावी लागतात. हा त्याग ज्याला जड जातो त्याला पुढे तोडणीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

वाफसा आणि एका एकराचे गणित

गणपती उठतात, पावसाचा जोर ओसरू लागतो आणि सर्वांच्या तोंडी एकच शब्द ऐकू येतो : वाफसा. जमीन चिखल होऊन पायाला चिकटणार नाही आणि कोरडी होऊन ढेकळेही निघणार नाहीत, अशी ओलाव्याची मधली अवस्था म्हणजे वाफसा. तो येण्यापूर्वी जमिनीत अवजार घातले तर माती दडपते व पुढे मुळांना हवा मिळत नाही. तो निघून जाऊ दिला तर हंगामाचे दिवस वाया जातात. म्हणून बागायतदार रोज सकाळी मूठभर माती दाबून पाहतो. मुठीतला गोळा बोटाच्या टिचकीने सहज फुटला, की नांगर किंवा रोटाव्हेटर शेतात उतरतो.

मग कुजलेले शेणखत मातीत मिसळून गादीवाफे ओढतात. वाफा साधारण वीतभराहून अधिक उंच असतो, कारण या पिकाच्या मुळांशी पाणी साचलेले चालत नाही. दोन वाफ्यांमधील चर उताराच्या दिशेने मोकळे ठेवावे लागतात. वाफ्यावर ठिबकच्या नळ्या अंथरल्या, प्रत्येक छिद्रातून पाणी पडते की नाही हे तपासले, की त्यावर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर ताणून बसवितात. पूर्वी येथे वाळलेले गवत किंवा भाताचा पेंढा पसरत असत, हेतू तोच. तण वाढू नये, ओल टिकावी आणि फळ मातीला टेकू नये. कागदाला ठरावीक अंतरावर गोल भोके पाडली, की शेत लागवडीस सिद्ध झाले.

आता आपल्याला परिचित अशी आकडेमोड करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एका वाफ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४ फूट अंतर धरले तर एकरात १०,८९० फूट लांबीचे वाफे बसतात. प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी आणि दोन रोपांत एक फूट अंतर, म्हणजे २१,७८० रोपे. ही सर्व रोपे हाताने, एकेक करून लावायची असतात. रोपामागे केवळ एक रुपया खर्च वाढला तरी एकरी जवळजवळ २२,००० रुपयांचा फरक पडतो. शंभरांत पाच रोपे मेली तर १,०८९ जागा रिकाम्या राहतात आणि नांग्या भरण्यासाठी तितकी रोपे हाताशी ठेवावी लागतात. भरलेल्या नांग्यांची रोपे मागे राहतात ती राहतातच. त्यांचे फळ पहिल्या तोडणीला कधीच येत नाही.

लावण्याच्या कामात मोठे कौशल्य आहे. रोपाच्या मधोमध जो कोंब असतो त्याला येथे ‘क्राऊन’ म्हणतात. तो मातीत पुरला गेला तर कुजतो आणि फार उघडा राहिला तर मुळे वाळतात. अर्धा बोटभर चूक झाली तरी रोप हातचे जाते. म्हणून अनुभवी स्त्रिया पुढे लावीत जातात, मागून कोणीतरी पायाने नव्हे तर बोटांनी माती दाबीत येते. उन्हे कलल्यावर हे काम करणे चांगले. पहिले काही दिवस वरून हलके पाणी द्यावे लागते. साऱ्या गावाची लागवड एकाच पंधरवड्यात येत असल्याने मजूर मिळणे दुरापास्त होते. तेव्हा जुनी सावड कामी येते. आज तुमच्या शेतात आमचे घर, उद्या आमच्या शेतात तुमचे. कागदावर काही लिहिलेले नसते, परंतु कोणाचे किती दिवस कोणाकडे देणे आहे, हे सर्वांच्या ध्यानात असते.

आठ दिवसांचा सौदा

सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत लागवड चालते. यातच सर्वांत मोठी जोखीम दडलेली आहे. जो आठ दिवस आधी लावील त्याचे फळ आधी बाजारात जाईल आणि त्या वेळी माल थोडा असल्याने भाव चढा मिळेल. पण जो आठ दिवस आधी लावील त्याच्याच रोपांवर परतीचा पाऊस अधिक कोसळण्याचा संभव असतो. जो थांबेल त्याचे रोप वाचेल. मात्र त्याचा माल येईपर्यंत सर्वांचाच माल आलेला असेल. पंचांग, हवामानखात्याचा अंदाज, वडिलांचा अनुभव आणि स्वतःचे मन हे चौघे नेहमी एकमताचे असतात असे नाही.

परतीचा पाऊस सोम्यागोम्या नव्हे. विजांसह तासाभरात कोसळणारे पाणी चर फोडते, वाफ्याची माती वाहून नेते आणि कागदाखाली साचून राहते. दोन-तीन दिवस आभाळ तसेच राहिले तर मुळांना व क्राऊनला बुरशी लागते आणि हिरवीगार रोपे मलूल होऊन मान टाकतात. घाटाखाली तीन महिने जपलेले रोप एका आठवड्यात जाते. ते पुन्हा आणावयाचे तर रोपवाटिकांत शिल्लक उरलेली नसते आणि ऋतूही थांबत नाही. म्हणून शहाणा बागायतदार लागवड एका दमात करीत नाही. काही वाफे आधी, काही नंतर, अशी विभागणी करतो. पावसाची चाहूल लागताच रात्री कंदील-बॅटरी घेऊन चर मोकळे करतो. आणि रोपवाटिकेतील थोडी रोपे लोभ न धरता मागे राखून ठेवतो. ज्याला आपण दुकानदारीत ‘सगळा माल एका नावेत घालू नये’ असे म्हणतो, तेच हे.

दिवाळी येते. आपल्याकडे वहीपूजन होते, नव्या वहीवर स्वस्तिक रेखून लाभ-शुभ लिहिले जाते. त्याच दिवशी डोंगरावरील बागायतदाराच्या वहीत मातृरोपे, खंड, खत, कागद, ठिबक, मजुरी अशी नावेची पाने भरलेली असतात आणि जमेची बाजू कोरी असते. सोसायटीचे कर्ज, कोणाकडून उसनवार, कोणा अडत्याची उचल यांवर हे सहा महिने निघालेले असतात. ज्याची उचल घेतली त्याच्याकडेच माल पाठवावा लागतो, म्हणजे भावाची निम्मी घासाघीस फळ लागण्यापूर्वीच हरलेली असते. ज्या घराने मागल्या हंगामातून थोडे भांडवल राखले असेल तेच घर आपला बाजार आपण निवडू शकते. काटकसरीचे महत्त्व आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या शब्दांत सांगितले, ते शब्द येथे शेताच्या बांधावर अक्षरशः खरे होताना दिसतात.

फुलापासून खोक्यापर्यंत

लागवडीनंतर महिना-दीड महिन्यात पांढरी फुले येऊ लागतात. अशक्त झाडावरची पहिली फुले खुडून टाकतात. झाडाने आधी अंग धरावे हा हेतू. नव्याने फुटणारे रनर व पिकलेली पानेही काढावी लागतात. फुलाचे फळ होण्यास हवामानानुसार साधारण महिना लागतो. आपण ज्याला फळ म्हणतो तो स्ट्रॉबेरीच्या फुलाचा फुगलेला देठ असतो. खरी फळे म्हणजे त्यावरचे ते बारीक पिवळसर दाणे. प्रत्येक दाण्याला पराग मिळाला तरच त्याच्याभोवतीचा गर फुगतो. ज्या बाजूचे दाणे परागाविना राहिले ती बाजू खुरटते आणि फळ वेडेवाकडे होते. सुबक फळ हे बहुतांशी मधमाशीचे श्रेय आहे. फुलोऱ्यात औषध फवारायचे झाले तर मधमाश्यांची वर्दळ थांबल्यावर, संध्याकाळी फवारावे, हे जाणते बागायतदार म्हणूनच कटाक्षाने पाळतात.

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात काही पहाटे दव गोठते. पर्यटक ते पाहावयास गाड्या काढून जातात. बागायतदार मात्र फुलांचे मधले भाग काळे पडले की काय, हे पाहत वाफ्या-वाफ्यांतून हिंडतो. कोणी रात्री रोपांवर आच्छादन घालतो, कोणी पहाटे पाणी सोडतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासूनच घरोघरी दुसरी लगबग सुरू होते. पाव किलोच्या पारदर्शक डब्या, पुठ्ठ्यांची खोकी, लेबले यांची मागणी आधी नोंदवावी लागते, कारण नाताळच्या तोंडावर त्यांचाही तुटवडा पडतो. प्रतवारीसाठी सावलीची, धूळ नसलेली जागा करावी लागते. तोडणीला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवावे लागते, की फळाला चिमटीत धरायचे नाही. देठ नखाने खुडायचा आणि हिरवी टोपी फळालाच राहू द्यायची. हे फळ तोडल्यावर आंब्यासारखे अढीत पिकत नाही. कच्चे तोडले तर लाल दिसू लागेल, पण गोड होणार नाही. पूर्ण पिकू दिले तर मुंबईस पोचेपर्यंत पाणी सुटेल. म्हणून लांबच्या बाजारासाठी तीन-चतुर्थांश लाल आणि जवळच्यासाठी पूर्ण लाल, हा विवेक तोडणाऱ्या हाताला प्रत्येक फळागणिक करावा लागतो. साध्या हवेत हे फळ दोन दिवसही धड टिकत नाही. सकाळच्या गारव्यात तोडणी, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी हुंडेकऱ्याची गाडी आणि पहाटे पुणे किंवा वाशीचा बाजार, अशी घड्याळाच्या काट्यावरची साखळी हंगामापूर्वीच बांधून ठेवावी लागते.

गाडी निघते तेव्हा मालाचा भाव ठाऊक नसतो. विक्री झाल्यावर अडत, हमाली, भाडे वजा जाऊन पट्टी येते, आणि ती आली की कळते. या व्यवहारात शेतकऱ्याजवळ एकच शस्त्र असते : खोक्यावरचे स्वतःचे नाव. वर मोठी आणि खाली बारीक फळे भरून एकदा फसविता येते. परंतु बाजारात लेबल लक्षात राहते. वरचा आणि खालचा थर सारखा भरणाऱ्याचे खोके पुढल्या वेळी न उघडता उचलले जाते. आपल्या पेढ्यांची पत ज्या नियमावर उभी राहिली तोच हा नियम.

बारीक, वेडेवाकडे किंवा अतिपक्व फळ वाया जात नाही. ते देठ काढून क्रेटमधून प्रक्रियेच्या कारखान्यांकडे जाते. १९५९ साली पाचगणीत सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या उद्योगांमुळे या डोंगराला जॅम व सरबतांची दुसरी बाजारपेठ मिळाली. मार्च-एप्रिलच्या उन्हात फळ लहान होऊ लागले की मालाचा ओघ तिकडे वळतो आणि मेपर्यंत झाडे दमून जातात. तोवर पुढल्या मातृरोपांचे आगाऊ पैसे भरण्याची वेळ झालेली असते.

आपण गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा खोके उचलून तळ पाहावा; तो ओला असेल तर खालची फळे दबलेली आहेत. टोपी ताजी हिरवी आणि फळ मानेपर्यंत लाल असावे. मानेशी पांढरे असलेले घरी ठेवून गोड होणार नाही. धुवायचे ते खाण्याच्या वेळीच, आणि टोपी काढावयाची ती धुतल्यानंतर. भाव अवश्य करावा. व्यापारी कुटुंबांना ते शिकवायला नको. मात्र ऑक्टोबरमध्ये साताऱ्याच्या घाटमाथ्यावर परतीचा पाऊस रेंगाळल्याची बातमी वृत्तपत्रात वाचली असेल, तर ती लक्षात ठेवावी. त्या आठवड्यात कोणाच्या तरी एकरातल्या बावीस हजार रोपांपैकी किती उभी राहिली, त्यावर डिसेंबरातील त्या खोक्याचा भाव ठरलेला असतो.